ऊन फुल, पॅनल फुल, तरी साइट पहाटे चारला डाऊन

ज्यांच्या गळ्यात सोलरवर चालणाऱ्या मोबाइल टॉवरच्या साइट्स आहेत त्यांना हे दुखणं माहीत असणार. साइट दिवसभर ठणठणीत, रात्री बारा-एकपर्यंत पण काही तक्रार नाही, आणि पहाटे साडेतीन-चारला गपकन बसते. सकाळी आठ-साडेआठला ऊन चढलं की आपोआप उठते. एनओसीचा (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमचा) फोन येतो, तिकीट (तक्रारीची नोंद) पडतं, आपण गाडी हाणत तिथे पोचेपर्यंत साइट चालू, अलार्म क्लिअर. मग तिकिटावर 'बॅटरी बॅकअप कमी' लिहायचं आणि परत फिरायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच.

माझी ही साइट धडगाव तालुक्यात आहे, सातपुड्यात, चांदसैली घाट चढून पुढे. लाइट शेवटच्या पाड्यापर्यंत कशीबशी येते, टॉवरच्या टेकडीवर नाहीच. आधी जनरेटर होता, पण डिझेलचे कॅन मोटारसायकलला बांधून वर न्यायचे, त्यातलं निम्मं कुठे जायचं ते देवाला माहीत, आणि एवढ्याशा लोडवर लिटरमागे तीन युनिट मिळाले तरी नशीब म्हणायचं. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही बंद. म्हणून जनरेटर काढून पूर्ण सोलर केली. ३३५ वॅटचे १२ पॅनल, म्हणजे ४ किलोवॅट, एमपीपीटी चार्जर (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा), आणि बॅटरी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कुण्या एकाची नव्हती आणि थोडी माझीही होतीच. पण २०२२ च्या जुलैत नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी पोचवायची योजना केंद्राने मंजूर केली, तेव्हापासून असल्या डोंगरातल्या साइट्स वाढत चालल्यात, तर हे दुखणं उद्या कुणालाही होऊ शकतं म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली बॅटरी होती व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद लेड बॅटरी, २ व्होल्टचे २४ सेल, ४०० एएच (अँपिअर-तास). दोन वर्षांत गेली. सेल सुटे करून मोजले तर लोड टाकला की व्होल्टेज पाण्यासारखं खाली. आत प्लेटवर सल्फेट धरलेलं. सगळे म्हणाले लेड बॅटरी डोंगरात टिकतच नाही, लिथियम टाका. लिथियम आली, १०० एएचचे तीन मॉड्यूल, म्हणजे ३०० एएच. पहिले तीन आठवडे मस्त. मग परत पहाटे चार.

आता साधा हिशोब करू. साइटचा लोड सरासरी १३ अँपिअर. पॅनलमधून कामाचा करंट संध्याकाळी साडेपाचला संपतो. तिथून पहाटे चारपर्यंत साडेदहा तास, गुणिले १३, झाले १३७ एएच. बॅटरी ३०० ची. म्हणजे निम्मीसुद्धा वापरली नाही आणि रिकामी झाली. नवी बॅटरी. एनओसीवाले सर म्हणाले मॉड्यूल डिफेक्टिव्ह असेल, वॉरंटीत टाका. टाकलं पण. एक मॉड्यूल बदलून आलं, काही फरक नाही.

त्यात अजून गंमत अशी की बीएमएसच्या (बॅटरीतच बसवलेल्या कंट्रोल सर्किटच्या) स्क्रीनवर साइट पडायच्या आदल्या क्षणापर्यंत ४५ टक्के चार्ज दिसायचा. त्यामुळे एनओसीला वाटायचं बॅटरीत दम आहे, म्हणजे केबल लूज असेल, म्हणजे टेक्निशियन कामचुकार आहे.

मी पण सुरुवातीला तेच केलं जे सगळे करतात. टर्मिनल टाइट केले, पॅनल पुसले. पुसायची गरज होतीच म्हणा, कारण आमच्याकडे मार्च-एप्रिलात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्याची राख पॅनलवर बसते, वर पक्ष्यांची कृपा. पण राख ऑक्टोबरात नसते, आणि साइट ऑक्टोबरातच जास्त पडत होती. पावसाळ्यात पडली तर समजू शकतो, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पण ऑक्टोबर हीटमध्ये, आकाश निळंशार, डोक्यावर आग, आणि साइट रोज डाऊन. डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन महिने एक तिकीट नाही. त्या वेळी ज्याने शेवटचे टर्मिनल टाइट केले होते त्याने क्रेडिट घेतलं (नाव सांगत नाही, तो हे वाचणार आहे). मार्च उजाडला की परत सुरू.

वर वॉचमनचं काम बघणारा एक पावरा दादा आहे, त्याने एकदा सहज म्हटलं, "दादा, गार वारा सुटतो त्या दिवशी तुमचा टॉवर उशिरा मरतो." मी हसलो. घरी येऊन लॉग काढला तर माणूस शंभर टक्के बरोबर. आदल्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, दिवसभर ऊन-ढग आणि वारा, त्या रात्री साइट साडेसहापर्यंत टिकली होती. कडक उन्हाच्या दिवशी चार. म्हणजे ऊन कमी तर बॅटरी जास्त भरते! हे कुठल्याही पुस्तकी हिशोबात बसत नाही, आणि तिथूनच मला सुगावा लागला.

आणि एक चूक कळली की आपण सगळे नेहमी सकाळी पोचतो. साइट पडते पहाटे म्हणून आपण पहाटेच्या मागे धावतो, पण पहाटे फक्त निकाल लागतो, परीक्षा दुपारी झालेली असते. म्हणून एक दिवस मुद्दाम तिकीट नसताना बाराला वर पोचलो, डीसी क्लॅम्प मीटर घेऊन. डीसी क्लॅम्प, लक्षात ठेवा. साध्या एसी क्लॅम्पने डीसी करंट मोजला की शून्य दाखवतो आणि नवीन पोरं 'पॅनल डेड' म्हणून रिपोर्ट टाकतात, हे माझ्यासमोर दोनदा झालंय. अजून एक, घरच्या सोलरचं काम करून आलेले असाल तर टेलिकॉममध्ये मायनस ४८ व्होल्ट असतं आणि प्लस अर्थला बांधलेला असतो, तेव्हा सवयीने मायनसला अर्थ समजून काही जोडू नका.

तर भर दुपारी बारा, लख्ख ऊन. ४ किलोवॅटच्या पॅनलमधून गरम हवामान, धूळ, सगळं धरूनही ३ किलोवॅटच्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला ५५ अँपिअरच्या आसपास. क्लॅम्प लावला तर १७. त्यातले १३ लोडला, बॅटरीत जात होते फक्त ४. रात्री पूर्ण रिकामी झालेली बॅटरी आणि दुपारी बाराला तिला ४ अँपिअर!

इथे नव्वद टक्के लोक पॅनलवर जातात. जाऊ नका. आधी पॅनलच्या बाजूचं व्होल्टेज बघा, यातच अर्धं निदान आहे. माझ्याकडे तीन-तीन पॅनल सीरिजमध्ये, असे चार स्ट्रिंग. ३३५ वॅटच्या ७२ सेलच्या पॅनलचं काम करतानाचं व्होल्टेज साधारण ३८, उघड्या सर्किटचं ४६. तीन मिळून ११४ आणि १३८, आणि उन्हात पॅनल तापल्यावर ते उतरून साधारण ९७ आणि १२३. आता चार्जर जर पॅनल पिळून घेत असेल तर पॅनलच्या बाजूला ९७-१०० दिसलं पाहिजे. ते दिसतंय आणि तरी करंट कमी आहे तर मग दोष पॅनलकडे, सावली, धूळ, एखादा स्ट्रिंग तुटलेला, एमसीफोर कनेक्टर जळालेला, एखादा बायपास डायोड गेलेला. पण व्होल्टेज वर चढून उघड्या सर्किटच्या जवळ जाऊन बसलं असेल तर पॅनल द्यायला तयार आहे आणि चार्जरच घेत नाहीये. माझ्याकडे ११९ होतं. पॅनल ताट वाढून बसलेले आणि चार्जर म्हणतोय पोट भरलं.

का म्हणतोय? बस व्होल्टेज (चार्जर, बॅटरी आणि लोड जिथे जोडलेत त्या मुख्य लाइनचं) बघितलं तर ५२.५. सेटिंग होती ५४ फ्लोटची, म्हणजे बॅटरी भरलेली धरून ठेवायच्या व्होल्टेजची. मग हे दीड व्होल्ट कुठे गेलं?

टेम्परेचर कॉम्पेन्सेशन. लेड बॅटरीला गरमीत कमी व्होल्टेजने चार्ज करायचं असतं, नाहीतर ती सुकते, म्हणून चार्जर २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला सेलमागे साधारण ३ मिलिव्होल्ट कमी करतो. २४ सेल म्हणजे डिग्रीला ७२ मिलिव्होल्ट. त्यासाठी एक छोटा काळा सेन्सर असतो वायरच्या टोकाला, तो बॅटरी बँकेच्या मधल्या सेलला चिकटवायचा असतो. आमच्याकडे इन्स्टॉलेशनवाल्यांनी तो कॅबिनेटमध्ये चार्जर मॉड्यूलच्या वर, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, टायने बांधून ठेवलेला. बॅटरी हाताला कोमट आणि सेन्सर दाखवतोय ४५. वीस डिग्री जास्त, गुणिले ७२, झाले १.४४ व्होल्ट. ५४ वजा १.४४, बरोबर ५२.५६. आणि जितकं कडक ऊन, जितका चार्जर जोरात चालणार, तितकी गरम हवा, तितकं व्होल्टेज अजून खाली. वाऱ्याच्या दिवशी कॅबिनेट गार, व्होल्टेज वर, बॅटरी जास्त भरणार. पावरा दादा जिंकला.

त्यात भर म्हणजे बूस्ट चार्जिंग (भरताना थोडं जास्त व्होल्टेज देणं) बंद. जुन्या बँकेचे दोन सेल फुगायला लागले तेव्हा कुणीतरी घाबरून बंद केलेलं, बँक गेली, सेटिंग राहिली. म्हणजे पहिल्या लेड बॅटरीला दोन वर्षं सेलमागे २.१९ व्होल्टवर अर्धपोटी ठेवलं, तिने सल्फेट धरलं आणि ती मेली, आणि दोष दिला डोंगराला. मग त्याच ताटावर लिथियमला बसवलं.

लिथियमचं गणित वेगळं. आपल्या साइट्सवर जी येते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, आणि माझी पॅक १६ सेलची. ५२.५६ भागिले १६, सेलमागे ३.२८. या केमिस्ट्रीत २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जवळपास सपाट असतं, ३.२ ते ३.३ च्या आत, त्यामुळे ३.२८ वर धरून ठेवली की ती अर्ध्यातच कुठेतरी अडकते. वर जात नाही म्हटल्यावर सेल बॅलन्सिंग होत नाही, कारण ते बऱ्याच बीएमएसमध्ये ३.४ च्या वरच सुरू होतं. आणि बीएमएस अँपिअर मोजून टक्केवारी काढतो, त्याला अधूनमधून पूर्ण भरलेली बॅटरी दिसली तरच तो आपला मीटर शंभरावर आणून जुळवतो. तीन-तीन महिने फुल दिसलीच नाही तर चूक साठत जाते आणि मग ४५ टक्के दाखवत साइट झोपते. म्हणून मल्टिमीटर लावून लिथियमचं पोट किती भरलंय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मधल्या पट्ट्यात ते कळतच नाही.

केलं काय ते सांगतो, पण आधी पॅकचं लेबल वाचा. ५१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर १६ सेल, ४८ लिहिलं असेल तर १५ सेल. दोन्ही दिसायला सेम, दोन्हीला लोक '४८ची लिथियम' म्हणतात. १५ वाल्याला मी पुढे लिहितोय ती सेटिंग दिली तर सेलमागे ३.७ च्या वर जाईल आणि बीएमएस ट्रिप करेल. डेटाशीटमध्ये जे असेल ते खरं, माझं नाही.

माझ्या १६ वाल्याला चार्ज ५६ व्होल्ट ठेवलं, सेलमागे साडेतीन, फ्लोट ५४.४, कॉम्पेन्सेशन शून्य. काही चार्जरमध्ये बॅटरी टाइप लिथियम केलं की ते आपोआप बंद होतं, काहींत नाही होत, हाताने शून्य करावं लागतं, तपासा. सेटिंग सेव्ह करताच क्लॅम्पवर १७ चे ५२ झाले, पॅनल व्होल्टेज ११९ वरून ९८. माझ्यासोबतचा पोरगा म्हणाला सर पॅनल सुधारले. पॅनल कशाला सुधारतील बाबा.

दुसरं, एलव्हीडी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज फार उतरलं की लोड तोडणारा स्विच. लेडची ४४.४ ची सेटिंग तशीच होती. १६ सेलला ते २.७७ पडतं, म्हणजे चार्जर लोड तोडायच्या आधीच बीएमएस स्वतः तुटू शकतो, आणि बीएमएस तुटला की बॅटरी सिस्टिमवरून पूर्ण गायब होते. काही चार्जरना जागं व्हायला बॅटरीचंच व्होल्टेज लागतं, मग सकाळी ऊन आलं तरी ते आंधळे बसून राहतात आणि साइट उठायला माणूस जावा लागतो. म्हणून एलव्हीडी ४८ वर आणला, परत जोडायचं ५२ वर. शेवटच्या दहा टक्क्यांत फार काही उरलेलं नसतं, त्याचा लोभ नको.

तिसरं, तिन्ही मॉड्यूल सुटे करून एकेक पूर्ण भरले आणि मगच पॅरलल जोडले. वॉरंटीत बदलून आलेलं मॉड्यूल बाकीच्या दोघांशी जुळतच नव्हतं, करंट वाटून घेत नव्हतं. मॉड्यूल बदलताना हे कुणी करत नाही, डबा सरकवायचा, लग आवळायचे, फोटो काढायचा, निघायचं. मागचे ॲड्रेसचे छोटे स्विच पण बघा, दोन मॉड्यूलना एकच नंबर असेल तर चार्जरला एकच दिसतं. मग ५६ वर तीन-चार तास राहू दिली, बॅलन्स झाली, स्क्रीन शंभरावर आली. त्या रात्री साडेपाच ते सकाळी आठ, साडेचौदा तास, १८८ एएच गेले आणि सकाळी ३७ टक्के शिल्लक. खरे ३७.

लेड बॅटरी असलेल्या साइट्सवर कॉम्पेन्सेशन बंद करू नका हां, तिथे ते पाहिजेच. तिथे फक्त सेन्सर जागेवर लावा. तपासायला सोपं, सेन्सर मुठीत धरा दोन मिनिटं, स्क्रीनवर तिशी-पस्तिशीच्या आसपास आकडा यायला पाहिजे. उणे चाळीस किंवा नव्व्याण्णव असलं काही दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायर गेली, बहुतेक उंदराने खाल्लेली.

हे सगळं करून तिकिटं बंद झाली. सात महिने. मग मे महिन्यात परत पहाटे चार!

खरं सांगतो, डोकं धरून बसलो. वर गेलो तर बस ५२.४. झालं असं होतं की वळवाच्या पावसात वीज पडली, कंट्रोलर कार्ड उडालं, सर्ज प्रोटेक्टरची खिडकी आधीपासूनच लाल होती, म्हणजे तो आधीच गेलेला, आणि कुणाचं लक्ष नाही, दुसऱ्या टीमने स्टोअरमधलं कार्ड आणून बसवलं आणि त्यात फॅक्टरीची व्हीआरएलए सेटिंग. कार्ड हिरवं, साइट चालू, काम बंद. सेन्सर परत टायने वरती बांधलेला, जिथे होता तिथेच! आता कॅबिनेटच्या दाराच्या आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात 'बॅटरी लिथियम १६ सेल, ५६ / ५४.४ / ४८ / ५२, टेम्प कॉम्प शून्य, कार्ड बदललं तर आधी हे भरा'. सेन्सर तर मी काढूनच घेतला, खिशात घालून आणला. एनओसीला पण सांगून ठेवलंय की दुपारी एक वाजता बस व्होल्टेज ५३ च्या खाली असेल आणि ऊन असेल तर मला तेव्हाच फोन करा, पहाटेची वाट बघू नका.

आता पावसाळ्याचं. हे सेटिंगने सुटत नाही, उगाच कुणाला आशा लावत नाही. चांगल्या दिवसात साडेपाच तासांचं फुल ऊन धरलं तर ४ किलोवॅटमधून सगळी गळती वजा जाऊन साडेसोळा युनिट मिळतात आणि साइट खाते सोळा, म्हणजे कट टू कट. जुलै-ऑगस्टात ते ऊन साडेतीन तासांवर येतं, डोंगरात त्याहून कमी, मिळतात दहा-साडेदहा. रोज पाच युनिटचा खड्डा. बॅटरी दुप्पट केली तरी तो खड्डा भरत नाही, मोठ्या टाकीला नळ तोच. मूळ डिझाइन टूजीच्या लोडवर झालेलं, वर फोरजीचे रेडिओ चढवले आणि पॅनल तेवढेच ठेवले, तिथे ही गोम आहे. सहा पॅनल वाढवायची मागणी टाकलीय, तोवर जून ते सप्टेंबर एक छोटा पोर्टेबल जनरेटर खाली पाड्यावर ठेवलाय, तीन दिवस ऊन नसेल तर दादा तो वर नेतो.

पॅनल वाढवणार असाल तर दोन गोष्टी. टॉवरची सावली उत्तरेला पडते म्हणून दक्षिणेला पॅनल लावा असं सगळे सांगतात, ते हिवाळ्यापुरतं खरं. आपल्याकडे मे ते जुलै सूर्य ईशान्येकडून उगवतो, तेव्हा सकाळी टॉवरची सावली नैऋत्येला पडते, आणि माझे एका स्ट्रिंगचे तिन्ही पॅनल नेमके तिथेच. ज्या महिन्यात उन्हाचा एकेक तास मोलाचा त्याच महिन्यात सकाळचे दोन तास जातात. नवीन सहा टॉवरच्या सावलीत येणार नाहीत अशा जागी लावायला सांगितलेत. आणि सीरिजमध्ये तीनच्या जागी चार करायचा मोह होईल, वायर वाचते म्हणून. चार्जरची लिमिट १५० व्होल्ट असेल तर तीनच ठेवा, आमच्याकडे थंडीत पहाटे पाच-सहा डिग्री असलं की तिघांचंच उघडं व्होल्टेज १४६ च्या आसपास जातं.

कुणाकडे १५ सेलच्या पॅकवर हाच प्रकार झाला असेल तर चार्जरचं मॉडेल आणि दुपारी बाराचे तीन आकडे लिहा, पॅनल व्होल्टेज, बस व्होल्टेज आणि बॅटरीत जाणारा करंट. पहाटेचा अलार्मचा स्क्रीनशॉट नको.